कळलावीचा कंद जमिनीतच राहू द्या



आमच्या मागच्या अंगणात चार मोठ्या कुंड्या आहेत. ज्येष्ठात घरी कुणी आलं की त्यांच्याकडेच बोट जातं. "या रिकाम्या कुंड्या कशाला अडवून ठेवल्यात? तुळस तरी लावा." गेल्या आठवड्यात जाऊबाईंनीही तेच सांगितलं. वरून पाहिलं तर खरंच काही दिसत नाही. भेगाळलेली माती आणि आधाराला खोचलेल्या दोन-तीन वाळक्या पऱ्हाट्या. पण खाली कळलावी आहे. मृगाचे एक-दोन चांगले पाऊस झाले की मातीतून हिरवं टोक वर येईल, आणि मग दिवाळीपर्यंत त्या कोपऱ्यावरून नजर हलणार नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटपर्यंत वाचायचं की नाही ते तुम्ही ठरवाल. कळलावी आपल्या घरात लावावी. पण बी पेरून लावावी, कंद उकरून नाही. आणि एकदा लावली की तिचा कंद कुणालाही काढून देऊ नये, अगदी सख्ख्या बहिणीलाही. यातली शेवटची गोष्ट मला उशिरा कळली, आणि कळली तीही भीतीने.

ज्यांनी हे झाड पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. खरं तर तुम्ही पाहिलं असणारच. श्रावणात शेताच्या बांधावर, काटेरी कुंपणात, बोरी-बाभळीच्या झुडपातून लाल-पिवळं ज्वाळेसारखं फूल डोकावतं ना, तीच ही. कुणी खड्यानाग म्हणतं, कुणी अग्निशिखा. संस्कृतात लांगली म्हणतात, कारण लांगल म्हणजे नांगर आणि हिचा कंद नांगराच्या फाळासारखा वाकडा, दोन फाट्यांचा असतो. वनस्पतिशास्त्रातलं नाव ग्लोरिओसा सुपर्बा. तमिळनाडूचं ते राज्यफूल आहे आणि आफ्रिकेतल्या झिम्बाब्वेचं राष्ट्रीय फूल. इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीला १९४७ साली, ती राजकन्या असताना, एकविसाव्या वाढदिवसाच्या निमित्ताने तिकडून याच फुलाच्या आकाराची हिऱ्यांची ब्रूच मिळाली होती. आपल्याकडे मात्र बांध साफ करताना विळ्याने कापून फेकतात.

माझ्याकडे पहिला कंद आला तो असाच. माझं माहेर मेहकर तालुक्यातलं. भावाच्या शेतातला बांध फोडून वाट रुंद करत होते. मजुराने फावडं मारलं आणि मातीच्या ढेकळासोबत हा वाकडा कंद वर आला. मी तो पदरात घेऊन चिखलीला आले. येताना एस.टी.त एका फाट्याचं टोक मोडलं. तेव्हा माहीत नव्हतं की कोंब फाट्याच्या टोकालाच फुटतो आणि टोक मोडलं की तो फाटा वाया जातो. नशिबाने दुसरा फाटा शाबूत होता.

सासूबाई तेव्हा होत्या. कंद पाहताच म्हणाल्या, "अगं, कळलावी घरात लावतात का कुठं? घराला कळ लागेल." कळलावी लावली की घरात भांडणं होतात, हे आपल्याकडच्या जुन्या बायका सगळ्याच म्हणतात. पण नावातली ती कळ भांडणाची नव्हे, बाळंतपणाची. पूर्वी बाई अडली की कंद उगाळून तिच्या बेंबीला आणि तळव्यांना लेप लावायचे, कळा याव्यात म्हणून. कळा लावणारी ती कळलावी. मी सासूबाईंना हे समजावलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि कुंडी स्वयंपाकघराच्या दारापासून लांब ठेवायला लावली. आता वाटतं, लांब ठेवायला लावली हे बरंच केलं. कारण वेगळं होतं, एवढंच.

(तो लेप आता कुणी चुकूनही करू नका. दवाखाने आहेत. संस्कृतात याच झाडाला गर्भ पाडणारी अशा अर्थाचंही नाव आहे, ते उगीच पडलेलं नाही.)

मी बी.कॉम. झाले तेव्हा आपला जिल्हा नागपूर विद्यापीठाखाली होता, अमरावतीचं विद्यापीठ १९८३ साली निघालं. नोकरी केली नाही, पण हिशेबाची वही सुटली नाही. किराण्याच्या वहीतच मागच्या पानांवर कळलावीचं खातं आहे. त्यावरून सांगते, ही वर्षभर काय करते ते.

पहिल्या पावसानंतर आठ-पंधरा दिवसांत कोंब. बोटाएवढा जाड, टोकदार, आणि वाढीला इतका घाईचा की सकाळ-संध्याकाळचा फरक दिसतो. आषाढात पानं येतात. प्रत्येक पानाचं टोक बारीक होत होत तार होतं आणि जे सापडेल त्याला वेढा घालतं. पऱ्हाटी असो, जाळी असो, की शेजारच्या जास्वंदाची फांदी. एका वर्षी तिने आमच्या वाळत घातलेल्या टॉवेलची दशी धरली होती. तो टॉवेल मी तीन दिवस काढला नाही, यांनी दोनदा विचारलं.

श्रावणाच्या मध्यात कळ्या. कळी खाली मान घालून लोंबते, फूल उमलताना पाकळ्या मात्र उलट वर वळतात. सहा पाकळ्या, कडा लाटेसारख्या. पहिल्या दिवशी हिरवट, मग पिवळी, मग खाली पिवळी आणि वर शेंदरी, शेवटी सगळीच लालभडक. एकाच वेलीवर एकाच दिवशी हे सगळे रंग दिसतात, कारण प्रत्येक फुलाचं वय वेगळं. भाद्रपदात, आपल्या दशलक्षण पर्वात, ती ऐन भरात असते. पर्वाच्या दहा दिवसांत रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय वाचतात. पाचव्या दिवशी पाचवा अध्याय येतो, त्यात उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य येतं. तो ऐकून घरी आले की मला अंगणात तेच दिसतं. पंडितजींना हे सांगितलं तर ते हसले, पण नाही म्हणाले नाहीत.

अश्विन-कार्तिकात फुलांच्या जागी लांबट हिरव्या शेंगा धरतात. त्या वाळून तीन भागांत उलतात आणि आत डाळिंबाच्या दाण्यासारख्या लाल-नारिंगी बिया ओळीने दिसतात. ही शोभा फुलाइतकीच, मला तर थोडी जास्तच आवडते. मार्गशीर्षात पानं पिवळी, पौषात वेल कोरडी. मग माघापासून ज्येष्ठापर्यंत काही नाही. म्हणजे मुनिमहाराजांचा चातुर्मास आणि हिचं वर राहणं साधारण एकाच वेळचं. त्यांचा विहार सुरू झाला की हीही आवरायला घेते.

आता हिशेबाची बाजू. कंद दरवर्षी स्वतः संपतो आणि त्याच्या जागी नवा, दोन फाट्यांचा तयार होतो. फाटे वेगळे केले की एकाचे दोन. दोनाचे चार, चाराचे आठ. वाणिज्य शिकलेल्या बाईला चक्रवाढ दिसली की हात शिवशिवतात. दर माघात मी कुंड्या उपड्या करायची, कंद मोजायची, राखेत घोळवून वर्तमानपत्रात गुंडाळायची आणि वाटायची. वहीत नोंद आहे, एका वर्षी १४ कंद दिले. कुणाला दिले तीही नावं आहेत. फार अभिमान होता मला त्या पानाचा.

मग एका माघात शेजारच्या सुनेला दोन कंद दिले. पुडीवर काही लिहिलं नाही. तिने ती ओट्यावर ठेवली आणि शाळेतून मुलाला आणायला गेली. महाशिवरात्रीचा आदला दिवस होता. घरात उपवासाचं सामान आलेलं, रताळी, शिंगाड्याचं पीठ, सगळं. तिच्या आत्याबाई पाहुण्या आलेल्या. त्यांनी पुडी सोडली, त्यांना ती बारकी, वाकडी रताळीच वाटली. धुतली आणि उकडायच्या पातेल्यात टाकली. सून परत आली म्हणून तिच्या लक्षात आलं. गॅस लावायचा तेवढा राहिला होता. संध्याकाळी ती माझ्याकडे आली, "काकू, थोडक्यात वाचलो जी," म्हणाली आणि रडायलाच लागली.

त्या रात्री मला झोप आली नाही. कळलावीच्या सगळ्या अंगात विष आहे, कंदात आणि बियांत सर्वांत जास्त. कोल्चिसीन त्याचं नाव. तेच अगदी मोजून, डॉक्टरांच्या हाताने, गाउट या सांधेदुखीवर औषध म्हणून देतात. बिनबियांचं कलिंगड तयार करायची वाट याच द्रव्यामुळे सापडली. पण कंद पोटात गेला तर उलट्या, जुलाब, आणि मग शरीरातली एकेक यंत्रणा बंद पडत जाते. त्यावर नेमका उतारा नाही. रताळं किंवा दुसरा खाण्याचा कंद समजून हा कंद खाल्ल्याने माणसं गेल्याच्या घटना भारतात आणि श्रीलंकेत घडलेल्या आहेत. आपल्या घरात कंदमूळ शिजतच नाही, त्यामुळे माझ्या डोक्यात ही शक्यता कधी आलीच नव्हती. आपल्या नियमाने आपण वाचलो, पण शेजाऱ्याच्या घरात तो नियम नाही, हे मला सुचायला हवं होतं.

आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यातल्या हिंसादानात, हत्यार, कुदळ, अग्नी, विष अशा वस्तू दुसऱ्याच्या हाती देणं येतं. प्रमादचर्येत, कारणाशिवाय जमीन खणणं, पाणी सांडणं, झाड-पाला तोडणं येतं. ही व्याख्या मी पाठशाळेत मुलींना शिकवलेली आहे. आणि इकडे दर माघात विनाकारण माती उपसत होते, अनंतकाय कंद मोडून त्याचे दोन करत होते, आणि पुडीवर नावसुद्धा न लिहिता विष वाटत होते. पाचातले दोन प्रकार एका दुपारी. तेव्हापासून वहीतलं ते चौदा नावांचं पान मी कुणाला दाखवत नाही. ज्यांची नावं होती त्या सगळ्यांना मात्र फोन केले. दोघींनी सांगितलं की कंद केव्हाच सडून गेले. एकीने सांगितलं, कुठे ठेवला ते आठवत नाही. त्या एका फोनने मला अजून चैन पडत नाही.

काही भगिनी म्हणतात, मग झाडच कशाला ठेवायचं? जैनाच्या घरात कंद हवाच कशाला? मी शास्त्री नाही, महाराजांना विचारूनच बोलावं असा हा विषय आहे. पण माझ्या बुद्धीला जे पटलं ते सांगते. आपण कंदमूळ खात नाही ते त्यातल्या अनंत जीवांच्या घाताचा दोष लागू नये म्हणून. कंद जमिनीत जिवंत राहिला, त्याला कुणी कापलं, उकडलं, उकरलं नाही, तर घात कुठे झाला? उलट, निशिगंध, डेलिया, लिलीचे कंद दरवर्षी काढून, वाळवून, विकत आणून लावणाऱ्या आपल्या कितीतरी घरांत याचा विचारही होत नाही. फूल मी तोडत नाही. काही मंदिरांत फुलं वाहतात, काही ठिकाणी केशरात रंगवलेले तांदूळच पुष्प म्हणून चढवतात. तुमची परंपरा तुम्ही पाळा, पण कळलावीचं फूल वेलीवरच राहू द्या. तोडलं नाही तर आठवडाभर रंग बदलत राहतं.

दुसरं कारण रानातलं. औषधासाठी हिचे कंद वर्षानुवर्षं रानातून उपसले गेले. तमिळनाडूत आता शेतकरी तिची शेती करतात, बियांसाठी. तिथे मजूर हाताने एकेका फुलावर पराग लावत फिरतात, कारण फुलाचा स्त्रीकेसर बाजूला काटकोनात वळलेला असतो आणि पराग आपोआप पोहोचेलच असं नाही. आपल्याकडे शेती नाही, जे आहे ते बांधावर आणि जंगलात. बुलढाण्याहून खामगावला जाताना बोथ्याच्या घाटात ज्ञानगंगा अभयारण्य लागतं, तो टिपेश्वरचा वाघ चालत चालत येऊन राहिला ते. तिथून काही उपटून आणायला कायद्याने मनाई आहे. पण रस्त्याकडेला गाडी थांबवून झाडं उपटणारी सुशिक्षित माणसं मी स्वतः पाहिली आहेत. पिशवीत घालून नेतात, आणि काळ्या मातीत लावून महिन्याभरात सडवतात.

अळ्यांचंही सांगायला हवं, कारण ते मला अजून पुरतं सुटलेलं नाही. पावसाळ्यात हिच्यावर काळ्या अळ्या पडतात, अंगावर पांढरे आणि शेंदरी ठिपके. आठ दिवसांत वेलीचा नुसता दोरा करतात. नर्सरीवाला फवारणी सांगतो. ती मी करत नाही. सुरुवातीला कागदावर उचलून बाहेर झाडीत सोडायची आणि स्वतःला शाबासकी द्यायची. मग कळलं की त्या खाणार ते मुख्यतः हेच झाड. म्हणजे मी त्यांना मारत नव्हते, उपाशी सोडत होते. आता चौथी कुंडी त्यांची. बाकीच्या तीन कुंड्यांवर दिसलेल्या अळ्या त्या कुंडीवर नेऊन ठेवते. त्या वेलीला फूल क्वचितच लागतं. पण कंद खाली असतो, पुढच्या वर्षी ती परत येते. हा धर्म झाला की माझी सोय, ते ठरवता येत नाही. तीन वेली तर मी माझ्याच डोळ्यांसाठी वाचवते ना.

आता लावायचं कसं ते. शेंग वेलीवरच वाळून उलू द्या, मग बिया घ्या. हातमोजे घाला, नंतर हात साबणाने धुवा. बिया कागदी पाकिटात, पाकिटावर मोठ्या अक्षरात 'विष' आणि झाडाचं नाव, आणि पाकीट स्वयंपाकघरात नाही, कपाटात वर. मृगात पेरा. काळी माती एकटी चालत नाही, पाणी धरते. काळी माती, रेती किंवा बारीक मुरूम आणि कुजलेलं शेणखत सारखं घ्या. कुंडीचं भोक मोकळं हवं. बिया सगळ्या एकदम उगवत नाहीत, काही पंधरा दिवसांत, काही दोन महिन्यांनी. मी २० पेरल्या, ७ आल्या. पहिल्या वर्षी चार-पाच पानं, दुसऱ्या वर्षी थोडी उंची, फूल तिसऱ्या किंवा चौथ्या पावसाळ्यात. कुंडी पहिल्यापासूनच मोठी घ्या, म्हणजे नंतर बदलावी लागत नाही. पौषानंतर पाणी अजिबात नाही. आपल्याकडे फाल्गुनात अवकाळी आणि गारा येतात, त्यावेळी कुंडीवर घमेलं पालथं घाला, नाहीतर झोपलेला कंद कुजतो. घरात रांगतं मूल, गाय, कुत्रं असेल तर लावूच नका, ते मोठं होईपर्यंत थांबा. गर्भवती सुनेला त्या कोपऱ्यातलं काम सांगू नका. आणि कुणाच्या पोटात चुकून गेलंच तर घरगुती उपाय करत बसू नका. झाडाचा तुकडा सोबत घेऊन थेट मोठा दवाखाना.

न उकरण्याची किंमत आहे, ती लपवत नाही. कुंडीत कंदांची गर्दी होते आणि फुलं कमी येतात. वहीत दिसतंच आहे, सर्वांत जुन्या कुंडीत एका वर्षी ३१ फुलं होती, गेल्या भाद्रपदात १२. आमचे हे म्हणतात, "एकदा काढून पातळ करून टाक ना." मी नाही करत. बारा फुलांचं दर्शन पुरतं.

शेजारच्या सुनेने आधी दोन वर्षं या झाडाचं नाव काढलं नाही. मग स्वतःच बिया मागायला आली. मी पाकिटावर दोन्ही बाजूंनी 'विष' लिहून दिलं, आणि तिने ते आत्याबाईंना फोन करून वाचून दाखवलं. तिच्या रोपांचा हा तिसरा पाऊस. काल कुंपणावरून विचारत होती, "काकू, यंदा फूल येईल ना?" मी म्हटलं, आलं तर या पावसाळ्यात, नाहीतर पुढच्या. ती म्हणाली, मग कुंडी हलवत नाही, तिथंच राहू देते.